हँडब्रेक खाली, तरी गाडी जागेवरच: पावसात अडकलेल्या ब्रेकचं करायचं काय?

आपल्या या भागाचा हा लिखित मजकूर. लोकलच्या गोंगाटात ऐकताना काही सुटलं असेल त्यांच्यासाठी, आणि आत्ता या क्षणी अडकलेल्या गाडीशेजारी छत्री धरून उभे असाल तर तुमच्यासाठीही. बोलतानाची थोडी पुनरुक्ती काढलीय, बाकी भाषा तीच ठेवलीय. फार घाईत असाल तर सरळ "तीन जागा" या मथळ्यावर जा.

तर विषय असा. शनिवारची सकाळ आहे. आठवडाभर धो धो पाऊस झालाय आणि घरच्यांना घेऊन टिटवाळ्याला गणपतीला निघायचंय. बाबांची जुनी वॅगन-आर सोमवारपासून सोसायटीच्या आवारात उभी आहे. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. पहिला गियर पडला, हँडब्रेक खाली केला, क्लच सोडायला घेतला आणि गाडी हलायलाच तयार नाही. मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी जागच्या जागी दबते आणि इंजिन बंद पडतं. मग वॉचमन येतो, समोरच्या विंगमधले काका येतात, आणि सगळ्यांचा सल्ला एकच: "अरे, रेस दे जोरात, सुटेल!"

कधी कधी सुटतोही. पण कधी क्लच प्लेट जळते, कधी ब्रेकचा लायनर आतल्या आत उपटून येतो, आणि कधी ब्रेक अर्धाच सुटतो. हा तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट, कारण गाडी चालू लागते आणि आपल्याला वाटतं काम झालं. म्हणून आज सांगायचंय ते एवढंच: जोर लावण्याआधी ब्रेक नेमका कुठे अडकलाय ते शोधा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि हत्यार एकही लागत नाही.

आपल्याकडेच जास्त का?

हँडब्रेक जगात सगळीकडे अडकतो. थंड देशांत तर केबलमधलं पाणी गोठून अडकतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण बाकी सगळं आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या तिपटीहून जास्त, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यात ठाण्याला खाडी, कल्याणपर्यंत उल्हास नदीत भरतीचं खारं पाणी. खारी, दमट हवा आणि उघडं लोखंड यांचं नातं काय असतं ते कुठल्याही खिडकीच्या ग्रिलला विचारा.

दुसरं कारण आपल्या जगण्याच्या पद्धतीत आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, आणि तेव्हापासून आपलं आयुष्य रुळांवरच चालतं. डोंबिवलीतला माणूस कामाला लोकलने जातो. गाडी असते, पण ती सोमवार ते शुक्रवार उभी असते. रविवारी मुरबाडमार्गे माळशेजला जाऊन यायचं, घाट उतरताना तापलेले ब्रेक आणि भिजलेली चाकं तशीच घेऊन रात्री गाडी लावायची, हँडब्रेक करकचून ओढायचा आणि पुढच्या शनिवारीच किल्ली हातात घ्यायची. ब्रेक अडकायला यापेक्षा चांगली परिस्थिती ठरवूनही तयार करता येणार नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. गाड्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या त्या थेट पावसाळ्यात शिरल्या. त्याआधी २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला तेव्हा कल्याण-बदलापूर पट्ट्यात गाड्याच पाण्यात गेल्या. पुराच्या पाण्यासोबत चिखलही ड्रममध्ये शिरतो. त्या गाडीला घरगुती उपाय करत बसू नका, आधी ड्रम उघडून साफच करावे लागतात.

आत नेमकं काय असतं?

जुनी गाडी म्हणजे मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगन-आर, सँट्रो, इंडिका या पिढीतली समजा. या सगळ्यांत पुढे डिस्क ब्रेक किंवा क्वचित ड्रम, आणि मागे ड्रम ब्रेक. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो.

मागच्या चाकाच्या आत एक लोखंडी डबा असतो, तो ड्रम. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन ब्रेक शू असतात. ते फिरत नाहीत. शूच्या बाहेरच्या अंगाला लायनर चिकटवलेला असतो. शू बाहेरच्या बाजूला फाकले की लायनर ड्रमवर घासतो आणि चाक थांबतं. सोडलं की स्प्रिंगा शूंना परत आत ओढून घेतात.

याच शूंना फाकवायचे दोन वेगळे मार्ग आहेत. पायाने ब्रेक दाबला तर ब्रेक ऑइलचा दाब शूंना ढकलतो. हाताने हँडब्रेक ओढला तर स्टीलची एक केबल, सायकलच्या ब्रेकला असते तशीच पण जाड, आतली छोटी दांडी ओढते आणि शू फाकतात. मालक दोन, नोकर एकच.

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ब्रेक लावताना तुमच्या हाताचा जोर असतो, शिवाय लिव्हर लांब असल्यामुळे तो जोर कितीतरी पट वाढतो. गंजलेली केबलसुद्धा त्या जोरापुढे सरकते. पण ब्रेक सोडताना तुम्ही काहीच करत नसता. तुम्ही फक्त लिव्हर खाली आणता. शूंना मागे घ्यायचं आणि सोबत ती गंजलेली केबल परत खेचायची, हे सगळं काम त्या बिचाऱ्या स्प्रिंगांचं. म्हणून ब्रेक लावताना काही जाणवत नाही आणि सोडताना तो अडकतो. हँडब्रेक "अचानक" कधीच अडकत नाही. तो कित्येक महिने हळूहळू जड होत असतो, आपला हात ते लपवत असतो.

डॅशबोर्डवरचा दिवा काय सांगतो?

लिव्हर खाली गेली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो, आणि आपण समजतो ब्रेक सुटला. पण त्या दिव्याचं बटण लिव्हरखाली असतं, चाकात नसतं. त्याला चाकाचं काहीही माहीत नसतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमच्याकडे हा घोळ रोजचा आहे: "आदेश दिला" आणि "काम झालं" या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि स्क्रीनवर बहुतेक वेळा पहिलीच दिसते. तर दिवा विझला याचा अर्थ लिव्हर खाली आली, एवढाच.

उलट लिव्हर पूर्ण खाली असूनही दिवा जळतच असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत कमी ऑइलसाठीही तोच दिवा लागतो. अशा वेळी गाडी काढूच नका.

तीन जागा

आता शोध. गाडी सपाट जागेवर आहे, इंजिन बंद, गियर न्यूट्रल, चाकांच्या पुढे-मागे विटा. हँडब्रेकच्या लिव्हरला हात लावा आणि फक्त हाताला काय जाणवतं ते बघा.

पहिली शक्यता: लिव्हर खालीच येत नाही, किंवा तिच्या टोकाचं बटण दाबलंच जात नाही. म्हणजे अडचण लिव्हरच्या खटक्यात आहे. लिव्हरखाली दातेरी पट्टी असते, तिच्यात एक खटका अडकतो. ओढताना कट्‌-कट्‌ आवाज येतो तो त्याचाच. कोणी फार जोरात ओढून ठेवला असेल, किंवा वर्षानुवर्षांची धूळ आणि सांडलेला चहा आत गेला असेल, तर खटका दातात रुतून बसतो.

दुसरी शक्यता: लिव्हर खाली आली, पण आता ती लुळी पडलीय. वर-खाली केली तर सुरुवातीला काहीच ताण लागत नाही, जणू तिला खाली काही जोडलेलंच नाही. म्हणजे केबल आतल्या नळीत ओढलेल्या स्थितीतच रुतून बसलीय. इकडे तुम्ही सोडलंत, तिकडे चाकाला निरोप पोचलाच नाही.

तिसरी शक्यता: लिव्हर अगदी नेहमीसारखी चालते, नेहमीइतकाच ताण, नेहमीइतकेच खटके. तरी चाक फिरत नाही. म्हणजे लिव्हर आणि केबल दोन्ही बरोबर आहेत, आणि लायनर गंजाने ड्रमला चिकटलाय. ड्रम बिडाचा असतो आणि त्याच्या आतल्या घासणाऱ्या पृष्ठभागाला रंग नसतो, असूही शकत नाही. ओल्या ड्रमवर एका रात्रीत तांबूस थर येतो. शू दाबून ठेवलेले असतील तर तोच थर डिंकाचं काम करतो. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा हाच प्रकार असतो.

त्याआधी एक सोपी खात्री करून घ्या: गाडी खरंच न्यूट्रलला आहे ना? गियर लिव्हर मधे दिसते पण गियर पूर्ण सुटलेला नसतो, असंही होतं. आणि ऑटोमॅटिक गाडी उतारावर नुसत्या "पी"वर उभी केली असेल तर तिचा सगळा भार गिअरबॉक्सच्या खटक्यावर येतो. तेव्हा ती लिव्हर अडकते, हँडब्रेक नाही.

हात लावण्याआधी

घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड लावतो. त्याला उटी लावणं म्हणतात. आपणही तेच करायचं. अडकलेला ब्रेक सुटतो तेव्हा एकदम सुटतो, आणि गाडी उतारावर असेल तर त्याच क्षणी चालू लागते. पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर, येऊरच्या चढावर किंवा घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर गाडी अडकली असेल, तर घरगुती प्रयोग नको. तिथे मेकॅनिकलाच बोलवा. मुलांना आणि बघ्यांना गाडीच्या पुढून-मागून बाजूला करा. हे मी दोनदा सांगतोय असं वाटेल, वाटू दे.

सोडवायचं कसं?

पहिला प्रकार, खटका. बटण दाबायला जोर लावू नका. आधी लिव्हर आणखी थोडी वर ओढा, म्हणजे खटक्यावरचा भार कमी होतो. मग त्याच स्थितीत बटण दाबा आणि दाबूनच ठेवून लिव्हर खाली आणा. ओढताना पाय ब्रेकवर दाबून ठेवला तर आणखी सोपं जातं, कारण शू आधीच फाकलेले असतात आणि केबलवरचा ताण उतरतो. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नंतर लिव्हरचं कव्हर उघडून खटक्यावर थोडा गंज सोडवणारा स्प्रे मारून घ्या. स्प्रे वापरायची ही एकमेव जागा आहे, लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार, केबल. इथे लिव्हर पुन्हा पुन्हा ओढू नका. केबल परत येत नाहीये हे कळलंय, आणि प्रत्येक वेळी ओढल्यावर ती आणखी पुढे जाऊन तिथेच रुतेल. पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा घट्ट दाबून सोडा. कधी कधी शू हलले की केबलही थोडी मागे सरकते. नाही सरकली तर मेकॅनिक चाकाजवळ केबलचं टोक मोकळं करतो. ते काम गाडीखाली जाऊन करावं लागतं, तुम्ही जाऊ नका. सुटल्यावरही ती केबल बदलायचीच आहे. तिच्यात तेल सोडून चार दिवस काढता येतात, पण नळीचं रबर फाटलेलं असतं, पाणी पुन्हा आत जातं. दोन्ही चाकांच्या केबल वेगळ्या असतील तर जोडीनेच बदला, कारण दोघींनी पाऊस सारखाच खाल्लेला असतो.

तिसरा प्रकार, चिकटलेला लायनर. क्रमाने जा.

एक. इंजिन सुरू करा, म्हणजे ब्रेकच्या पेडलला बूस्टरचा जोर मिळेल. पायाचा ब्रेक घट्ट दाबा, सोडा. असं दहा वेळा. आत शू थोडे हलतात, गंजाचा थर तडकतो.

दोन. चाकाखालच्या विटा काढा. पुढे-मागे दहा फूट जागा मोकळी आहे ना, बघा. रिव्हर्स गियर टाका, क्लच हळूहळू सोडत गाडी जिथे ओढ घेते तिथपर्यंत या, एक-दोन सेकंद थांबा, क्लच परत दाबा. मग पहिल्या गियरमध्ये तेच. अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा, इंजिन बंद पडू नये इतकाच. रुतलेल्या गाडीला आपण पुढे-मागे झोके देतो ना, तसं. दिशा बदलली की चिकटलेला थर उलट्या बाजूने ताणला जातो. सुटताना "टक्" असा स्पष्ट आवाज येतो आणि गाडी हलते. पाय ब्रेकपाशी तयारच ठेवा.

तीन. चार-पाच प्रयत्नांत सुटला नाही तर थांबा. पुढची पायरी म्हणजे चाक काढून ड्रमच्या कडेवर हलके ठोके देणं. जॅक लावायची आणि चाक बदलायची सवय असेल तरच याला हात घाला. गाडी सपाट जागेवर, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा, पहिला गियर टाकलेला. वरच्या यादीतल्या गाड्यांना ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून गियर त्यांना धरून ठेवतो. ओम्नीसारख्या गाडीला ताकद मागच्या चाकांना जाते, तिथे मागचं चाक उचललं की गियरचा भरवसा नाही, फक्त विटांचा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी त्याच्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही. मग रबरी किंवा लाकडी हातोडीने ड्रमच्या गोल कडेवर फिरत फिरत ठोके द्या. बीड ठिसूळ असतं, घणाचे घाव घालू नका. ड्रमच्या मागची पत्र्याची चकती ठोकू नका, ती वाकते.

काय अजिबात करायचं नाही

जोरात रेस देऊन क्लच फटकन सोडायचा नाही. चिकटलेला लायनर शूपासून सुटून ड्रमलाच चिकटून राहतो. गाडी हलते, पण त्या चाकाला आता ब्रेकच उरत नाही.

ड्रमच्या भोकातून तेल किंवा स्प्रे आत मारायचा नाही. "थोडं ऑइल मारलं की सुटेल" हा सल्ला कडी-कोयंड्यासाठी बरोबर आहे. ब्रेक घर्षणावर चालतो. तेल प्यायलेला लायनर पुन्हा कोरडा होत नाही, तो फेकावाच लागतो.

दोरी बांधून ओढायची नाही. मागची चाकं फिरत नसताना ओढली तर टायर एकाच जागी घासून सपाट होतो.

आणि ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवायची नाही. गॅरेजमध्ये हे सर्रास चालतं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. मेकॅनिक हसला तरी सांगा. दिवसभर ती भुकटी त्याच्याच नाकात जाते.

सुटला! आता लगेच टिटवाळा?

थांबा. आधी सोसायटीच्या आतच दहाच्या वेगाने दोन वेळा पायाचा ब्रेक लावून बघा. गाडी सरळ थांबते का? एका बाजूला ओढते का? मग जवळच्या मोकळ्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर हळू चालवा, ब्रेक शक्यतो कमी वापरा, आणि गाडी थांबवून खाली उतरा. मागच्या दोन्ही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. दोन्हीकडे सारखीच ऊब असेल तर ठीक. एका चाकातून भट्टीसारखी धग येत असेल, जळका वास येत असेल, तर तो ब्रेक अर्धा लागलेलाच आहे.

हाच तो तिसरा, वाईट प्रकार. अर्धा लागलेला ब्रेक घेऊन तुम्ही हायवेला लागलात की ड्रम तापत जातो. ती उष्णता आतल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि जितकं जुनं तितका त्याचा उकळबिंदू कमी. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सकाळी न हलणारी गाडी दुपारी न थांबणारी गाडी होते ती अशी.

घासल्याचा आवाज सतत येत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या दिवशी रिक्षा करा. ब्रेक सुटला नाही तरी तेच, घाई नको. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर त्यांना फोन करा आणि फोनवरच स्पष्ट सांगा, "मागची चाकं जाम आहेत, फ्लॅटबेड पाठवा." नाहीतर पुढून उचलून नेणारी गाडी येते, आणि मागची चाकं फरफटत जातात.

पुन्हा होऊ नये म्हणून

इथे लोक एक उलटी चूक करतात. एकदा ब्रेक अडकला की ते हँडब्रेक वापरणंच सोडून देतात. त्यामुळे केबल कधीच सरकत नाही आणि नळीत आणखी घट्ट बसते. ज्या दिवशी उतारावर खरी गरज पडते, त्या दिवशी एकतर लागत नाही, नाहीतर लागला तर सुटत नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. चालवताना हँडब्रेक भरपूर वापरा: सिग्नलला, चढावर, पेट्रोल पंपावर. फक्त भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभी करू नका.

घरच्या सपाट पार्किंगमध्ये पावसाळ्यात गाडी लावताना पहिला किंवा रिव्हर्स गियर, चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळा, हँडब्रेक सोडलेला. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच, सोबत गियर, आणि पुढची चाकं फुटपाथच्या दिशेने वळवलेली. सार्वजनिक जागेबद्दल कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालक सीटवर नसताना गाडीचं इंजिन बंद हवं, आणि ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी व्यवस्था केलेली हवी. "नुसतं गियरमध्ये टाकलंय, राहील" याला व्यवस्था म्हणायचं की नाही ते उतार बघून ठरवा.

पाण्यातून आलात किंवा गाडी धुतलीत, तर लावण्याआधीच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये ब्रेक हलका चार-पाच वेळा दाबा. घर्षणाच्या उष्णतेने ड्रम कोरडे होतात. घाटातून येऊन ब्रेक तापलेले असतील तर हँडब्रेक करकचून ओढू नका. तापलेला ड्रम थोडा फुगलेला असतो, थंड झाला की आकसतो आणि शूंवर आवळला जातो.

आठवड्यातून एकदा गाडी आवारातच एक चक्कर फिरवा. तुम्हाला वेळ नसेल तर घरात ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याला सांगा. आणि दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, मागचे ड्रम उघडून साफ करून घ्या. तेव्हाच केबलच्या टोकाची रबरी टोपणं फाटलीत का ते बघायला सांगा. हँडब्रेक किती खटक्यांत लागायला हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त वर येत असेल तर ताण कमी झालाय.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तुमची एमएच-०४ किंवा एमएच-०५ पंधराव्या वर्षाकडे चालली असेल, तर ब्रेकचं हे काम तसंही करायचंच आहे. आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा मे महिन्यात करा.

नेहमीचे दोन प्रश्न

"माझ्या गाडीत हँडब्रेकची लिव्हर नाही, बटण आहे." म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक. त्यात ओढायचं आणि सोडायचं काम मोटर करते. तो सुटत नसेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. बऱ्याच गाड्यांत सीट बेल्ट लावलेला नसेल किंवा पाय ब्रेकवर नसेल तरी तो सुटत नाही. वरचे ठोकाठोकीचे उपाय त्याला लावू नका.

"सकाळी टक् आवाज येऊन ब्रेक लगेच सुटतो. काळजी करायची का?" पावसाळ्यात रात्रभर भिजलेल्या गाडीला असा एखादा आवाज येणं सामान्य आहे. पण आवाज रोज मोठा होत असेल, किंवा सुटायला रोज थोडा जास्त जोर लागत असेल, तर तो आवाज म्हणजे नोटीस समजा. आत्ता दाखवलंत तर काम साफसफाईवर निभावेल, नंतर शू, केबल आणि कदाचित ड्रमही.

आज घरी पोचलात की एवढंच करा: खाली जाऊन गाडीचा हँडब्रेक एकदा ओढा, एकदा सोडा, आणि लिव्हर हाताला कशी लागते ते लक्षात ठेवा. गाडी नीट असताना ती कशी लागते हे माहीत असेल, तरच बिघडल्यावर फरक कळेल. हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा जो "रेस दे, सुटेल" म्हणतो. पुढच्या भागात पावसाळ्यातली दुसरी डोकेदुखी: रात्री ठीक असलेली बॅटरी सकाळी का मरते. तोपर्यंत गाड्या जपा, भेटूया.